गोंदाला झोपू दे

मोडलेली वस्तू चिकटवून ठेवल्यावर, ती वाळेपर्यंत हात न लावता तुम्ही राहू शकता का? खरं सांगा. कपाचा कान असेल, चष्म्याची काडी असेल, पोराच्या गाडीचं चाक असेल. आपण गोंद लावतो, वस्तू खिडकीत ठेवतो, आणि चहाला आधण यायच्या आत परत येऊन बोटानं हलवून बघतो. धरलं का? धरत आलेलं असतं. आपल्या त्या बोटानंच ते सुटतं.

हा प्रश्न मला जिनं पहिल्यांदा विचारला, तिला सोलापुरातली आमची सगळी शुक्रवार पेठ अक्का म्हणायची. विचारताना ती माणसाकडे बघायची नाही. हातातलं नादुरुस्त पेन कानाशी धरून हलवायची, डोळे अर्धे मिटून ऐकायची, आणि आतली पितळी नळी खुळखुळली की म्हणायची, "विरी न्हाय ऱ्हायली."

विरी हा शब्द भाकरीचा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. मग कितीही मळा, थापताना कडा फाटतात. बाकीच्या बायका हे पिठाबद्दल बोलतात. अक्का गोंदाबद्दल बोलायची, शेजाऱ्यांच्या भावकीबद्दल बोलायची, आणि एकदा तर आमच्या बोळातल्या नव्या डांबराबद्दलही बोलली होती. डांबराबद्दलचं तिचं निदान पहिल्याच पावसाळ्यात खरं ठरलं.

तिचं दुकान म्हणजे दोन घरांमधली पत्रा टाकलेली बोळकांडी. पत्र्यात एका जागी काच बसवली होती. तिथून उन्हाचा एक तिरपा खांब थेट लाकूड कातायच्या लेथवर उतरायचा आणि त्या खांबात लाकडाची धूळ तरंगत राहायची. लेथ चालू असली की धूळ वर चढायची. थांबली की हळूहळू खाली यायची. ते खाली येणं बघत अक्का बसून राहायची, समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी. मागच्या बोळातल्या यंत्रमागांची खटखट भिंतीतून यायची. तिथं थोडा वेळ बसलं की आपण गावात आहोत, पेठेत आहोत, दुपार आहे, हे सगळं हळूच पुसट व्हायचं.

तिचे वडील लाटणी कातायचे, पाळण्याचे खूर कातायचे. वडील गेले, पाळणे लोखंडी झाले, आणि अक्कानं त्याच लेथवर लाकडी पेनं करायला घेतली. बाभळीची, चिंचेची, लिंबाची. पेन तसं सोपं दिसतं. बोटभर ठोकळा घ्यायचा, आरपार भोक पाडायचं, भोकात पितळेची पातळ नळी गोंदानं बसवायची. मग तो ठोकळा लेथवर फिरवत, पटाशी लावत, नळीवर लाकडाची नुसती साल उरेल इतका बारीक करायचा. बाहेरून दिसतं लाकूड. आत असते नळी. आणि त्या दोघांना धरून ठेवतो गोंद, जो कुणालाच दिसत नाही. आत कुठं गोंद पोचला नसेल तर लेथ ती जागा बरोबर शोधून काढते. लाकूड पातळ झालं की नेमकी तिथलीच ढलपी उडते.

माझी आणि तिची ओळख भांडणातून झाली. आमच्या घरी पाळण्याच्या आधी पत्रकं आली होती. वडील कामगारांच्या चळवळीत. मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून भात खाल्लाय, आणि भिंतीवर चिकटवायची मैद्याची खळ शिजवायला मी पोळ्यांच्या आधी शिकले. माझ्या पहिल्या भाषणानंतर वडिलांच्या एका साथीनं मला अक्काकडून घेतलेलं चिंचेच्या लाकडाचं पेन दिलं. एका दुपारी पत्रक लिहिता लिहिता, ऐन 'आम्ही विचारतो' या शब्दांवर, ते माझ्या हातात दोन तुकडे झालं. मी तडक दुकानात गेले. ग्राहकाची फसवणूक, बाजाराची लबाडी, निकृष्ट माल, सगळं एका दमात बोलले.

अक्कानं पेन कानाशी धरलं. हलवलं.

"मदी गोंद पोचलाच न्हाय," ती म्हणाली. "कुणीतरी घाई केली."

"कोणी?"

"मीच की. दुसरं कोण हाय हितं?"

गुन्हेगार इतक्या लवकर सापडला तर पत्रकाचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "तुजं नाव काय ते ऱ्हाऊ दे. हातात कागद लई हायत. मी कागदच म्हंती तुला."

तेव्हापासून मी कागद झाले. दारात माझी सावली पडली की आतून आवाज यायचा, "काय गं कागद, आज कुणाला मुर्दाबाद?"

ती नम्र नव्हती, हे सांगून ठेवते. अशा माणसांवर लिहिताना त्यांना साधं, भोळं, अबोल करून टाकायची आपल्याकडे खोड आहे. अक्का बढाईखोर होती. सात रस्त्याकडे राहणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअरनं घरच्या गच्चीत लेथ बसवली होती. त्यानं तिला सांगितलं, नळी बसवण्याआधी पॉलिश पेपरनं घासा, चकचकीत पितळ गोंदाला धरू देत नाही. अक्काला ते पटेना. पितळ घासून मळकं करायचं हे तिला खरकट्या ताटात वाढण्यासारखं वाटायचं. पुष्कळ पेनं वाया घालवून तिनं शेवटी नळी घासली, आणि त्याच आठवड्यात मी तिला त्याच इंजिनिअरला सांगताना ऐकलं, "साहेब, नळी घासत जावा. हे आपलं संशोधन हाय."

तो बिचारा 'बरं' म्हणाला.

तिच्या चुकाही तिच्यासारख्याच ऐसपैस असायच्या. झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाची बाटली सोलापूरच्या उन्हात तापू नये म्हणून तिनं ती माठाच्या तिवईखाली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. तो गोंद ओलीनंच घट्ट होतो. बाटलीतल्या बाटलीत त्याचा दगड झाला. अक्कानं आधी कंपनीला शिव्या दिल्या, मग उन्हाला, मग फडकं ओलं करणाऱ्या सुनेला. संध्याकाळी ती बाटली उजेडात धरून म्हणाली, "जागा झाला गं ह्यो. ओल लागली की जागा हुतोय." तिच्या बोलण्यात गोंद झोपायचा आणि उठायचा. लाकडाला तहान लागायची. नळी रुसायची.

झटपट गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते. अक्का तोंड फिरवायची, तरी डोळ्यांतून पाणी यायचंच. पेठेतल्या लहान मुलांना वाटायचं की ही बाई प्रत्येक पेनासाठी रडते. आम्ही त्यावर हसायचो.

महत्त्वाच्या कामाला मात्र ती दोन ट्यूबांचा, सावकाश धरणारा गोंद वापरायची. दोन्हीतलं सारखं सारखं काढायचं, काडीनं घोटायचं, नळीला गोल फिरवत लावायचं, फिरवतच आत ढकलायचं. नळीच्या तोंडात गोंद जाऊ नये म्हणून ती कणकेचं बोंडूक लावायची. गव्हाचीच कणीक; ज्वारीचं पीठ इथं नापास. आणि मग ठोकळा फळीवर ठेवून त्यावर हात उपडा धरायची, निजलेल्या मुलाच्या अंगावर धरावा तसा, न टेकवता.

"आता झोपू दे त्याला," ती म्हणायची. "उद्यापतुर कुणी हात लावायचा न्हाय."

मला हे 'झोपू दे' अजिबात आवडायचं नाही. थांबा, वाट बघा, वेळ येईल, हे ऐकत ऐकतच आमच्या घरातले लोक म्हातारे झाले. मी एकदा तिला तसं तोंडावर बोलले. म्हटलं, "अक्का, अन्यायाला असं झोपू दे म्हणायचं नसतं."

"अन्यायाला कोण म्हंतंय," ती म्हणाली. "गोंदाला म्हंती मी."

एका उन्हाळ्यात, बुधवारी, तातय्या दुकानात आले. तातय्या म्हणजे तेलुगूत आजोबा. शहराच्या पूर्व भागातले जुने विणकर, आयुष्य मागावर गेलेलं. पांढरं धोतर, तेल लावून चप्प बसवलेले पांढरे केस, आणि कापडात गुंडाळलेला एक धोटा. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: धोटा म्हणजे ताण्याच्या सुतांतून इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. पोटात पोकळी, तिथं सुताची कांडी बसते. दोन्ही टोकं भरीव आणि निमुळती, त्यांना लोखंडी टोप्या. हातमागाचा कारखाना बंद पडला तेव्हा तातय्यांनी तेवढा एक धोटा घरी आणला होता.

"ह्याचा पेन होतो का, अम्मा?" त्यांनी विचारलं.

अक्कानं सवयीनं धोटा कानाशी धरून हलवला.

"ह्यात अजून नळी न्हाय की," मी म्हटलं.

"गप गं कागद. ऐकू दे." मग त्यांच्याकडे वळून, "हुतंय की. कुणाला द्यायचाय?"

तातय्या स्टुलावर बसले. मग सांगितलं. नात लग्न करतेय. मुलगा त्यांच्या जातीतला नाही. ते नको म्हणाले. नात मैत्रिणीकडे राहायला गेली, घरी यायची बंद झाली. येत्या सोमवारी नोंदणी कार्यालयात सही आहे. घरातून कुणी जाणार नाही.

"मग आता तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं. माझा आवाज सभेतल्यासारखा निघाला असावा, कारण अक्कानं माझ्याकडे पाहिलं.

"तोंडातून 'हो' निघत नाही," तातय्या म्हणाले. "लई प्रयत्न केला. हातातून निघतंय का बघतो."

अक्कानं करवत घेतली. टोप्या काढल्या. पोकळ मधला भाग वेगळा करून बाजूला ठेवला. दोन टोकांमधून बोटभर दोन ठोकळे निघाले. तिनं ते तळहातावर शेजारी शेजारी ठेवले.

"एक पेन," ती म्हणाली, "आन् एक चूक. तिसरं काय न्हाय ह्यात."

चूक लगेच वापरून झाली. पहिल्या ठोकळ्याला त्याच दिवशी भोक पडलं, नळी बसली, ठोकळा झोपला. गुरुवारी सकाळी अक्कानं तो लेथवर चढवला. पटाशी टेकली. लाकूड गरगर फिरत गोल होत आलं, जुन्या तेलाचा, सुताच्या घराचा वास दरवळला, आणि मग 'टच्' असा आवाज आला. लाकूड नळीवरून घसरलं आणि उभं फाटलं. ढलप्या उडाल्या. नळी मात्र चकाकत फिरत राहिली, जणू तिचा कशाशी संबंध नव्हता.

लेथ थांबली. तातय्या खाली वाकले आणि ढलप्या वेचून सदऱ्याच्या खिशात ठेवू लागले.

"धोट्यानं जलमभर तेल प्यालंय," अक्का म्हणाली. "तेलकट लाकूड गोंदाला धरत न्हाय. मी आधी धुवायला पायजे हुतं. माजं चुकलं, तातय्या."

"माझंच चुकलं असेल, अम्मा," ते म्हणाले. पण ते लाकडाबद्दल बोलत नव्हते.

दुसरा ठोकळा तिनं देवाच्या मूर्तीसारखा हाताळला. भोक पाडलं. थिनरमध्ये भिजवलेली चिंधीची वात भोकातून खालीवर ओढली, चिंधी पिवळी झाली, दुसरी घेतली. मग ठोकळा उन्हात उंबऱ्यावर ठेवला. तिची एक परीक्षा होती: काडीनं पाण्याचा थेंब भोकाच्या तोंडाशी सोडायचा. लाकडानं थेंब पिऊन टाकला तर तेल गेलं. थेंब गोल उभा राहिला तर तेल आहे.

पहिल्या धुण्यानंतर थेंब उभा राहिला. हे अपेक्षितच होतं. पुन्हा धुतलं. ठोकळा उंबऱ्यावर, शेजारी तातय्या राखणीला. ते सकाळी यायचे आणि दिवे लागेपर्यंत बसायचे. ऊन सरकलं की ठोकळा सरकवायचे. कावळा आला की हात उडवायचे. पुन्हा थेंब. पुन्हा तो पाऱ्यासारखा उभा.

"ह्या लाकडात काय तेलाची हीर हाय काय?" अक्का म्हणाली.

शुक्रवार संपला. मला थिनरचाच संशय आला. भेसळ असणार. मी सात रस्त्याला जाऊन दुसऱ्या दुकानातून नवा डबा आणला, आणि परत येताना रिक्षातच पत्रकाला सुरुवात केली. अक्काला मथळा वाचून दाखवला: थिनरात तेल, कुणाचा खेळ?

"यमक झ्याक हाय," ती म्हणाली. "आता नव्या डब्याचा थेंब बग."

नव्या डब्याचा थेंबही उभाच राहिला. मी कागद घडी करून ठेवला.

शनिवारी दुपारी मी उंबऱ्यावर तातय्यांच्या शेजारी बसले. माझ्या पिशवीत आंतरजातीय लग्नांवरचं आमचं पत्रक होतं. मी ते त्यांना दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट घडी केली आणि त्यानं वारा घेऊ लागले. मधून मधून मलाही घालत होते. मला राग आला, आणि वाराही बरा वाटत होता. आतून अक्कानं हे सगळं पाहिलं असणार.

"कागद," ती म्हणाली, "हिकडं ये, मला चिंध्या फाडून दे."

मी आत गेले. चिंध्या फाडता फाडता कुजबुजत म्हटलं, "परवा सोमवार आहे, अक्का."

"म्हाईत हाय."

"आज गोंद लागला तर उद्या कातून होईल. आज नाही लागला तर नाही."

"म्हाईत हाय म्हंते की."

तेवढ्यात वीज गेली.

लेथ आधीच बंद होती, पण मागच्या बोळातले माग एकदम थांबले. भिंतीतून रात्रंदिवस येणारी खटखट थांबली की ऐकू न येणाऱ्या गोष्टी ऐकू येतात. माठातून झिरपणारं पाणी. पत्रा तापल्याची चटचट. धूळ उन्हाच्या खांबात खाली उतरत होती आणि तिचाही आवाज येईल असं वाटत होतं. आणि मग उंबऱ्याकडून एक अगदी बारीक, लयीतला आवाज. सर्र. सर्र.

आम्ही दोघी एकदमच वळलो.

तातय्या डोळे मिटून बसले होते. उजव्या हातात ठोकळा. हात डोक्यावरून मागं जात होता, ठोकळा केसांवरून पुसला जात होता, हात खाली येत होता. मग ते करंगळी केसांवरून फिरवत, तिचं टोक ठोकळ्याच्या भोकात घालत आणि आत हळूच गोल फिरवत. कुठं कुसळ आहे का, सूत अडकेल असा काटा आहे का, हे चाचपत. मग पुन्हा डोक्यावरून. माग थांबला होता, पण त्यांच्या हातातला माग चालू होता. पायसुद्धा हलत होता, समोर नसलेल्या मागाच्या पायपट्टीवर.

गोंद जिथं धरायचा होता, नेमकी तीच जागा ते तीन दिवस प्रेमानं तेलावत होते. त्यांना ठाऊकही नव्हतं.

मी बोलायला तोंड उघडलं. अक्कानं माझं मनगट धरलं. कुणीतरी झोपेत बोलत असावं आणि त्याला जागं करू नये, तशी ती बघत होती.

मग वीज आली, माग सुरू झाले, तातय्यांनी डोळे उघडले.

अक्का त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. "तातय्या," ती अगदी हळू म्हणाली, "धोट्याला तेल कशापायी लावायचं ओ?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "कोरडा धोटा सूत तोडतो, अम्मा," ते म्हणाले. "पोरगं असताना हे पहिलं शिकवतात. धोटा कधी कोरडा ठेवायचा नसतो."

"बरोबर हाय," अक्का म्हणाली.

तिनं त्यांना गोंदाचं शास्त्र सांगितलं नाही. तुमच्यामुळं तीन दिवस गेले, असंही म्हणाली नाही. ती उठली, फळीवरून धोट्याचा तो पोकळ मधला भाग आणला, पेनाला निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेला, आणि त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या हातानं ठोकळा काढून घेतला.

"हे धरा," ती म्हणाली. "हे कोरडं पडाय लागलंय."

तातय्यांनी पोकळ होडी हातात घेऊन पाहिली. कांडीच्या जागेत बोट घातलं. मग हात आपोआप डोक्याकडे गेला.

त्या दुपारी ठोकळा पुन्हा धुतला गेला. उंबऱ्यावर वाळला, शेजारी तातय्या, त्यांच्या हातात त्यांचा तुकडा. अक्कानं थेंब सोडला. लाकडानं तो क्षणभर धरला आणि पिऊन टाकला. तिथं एक ओला ठिपका तेवढा राहिला. अक्कानं नळी घासली, गोंद घोटला, फिरवत फिरवत आत सारली, कणकेचं बोंडूक काढलं, आणि ठोकळ्यावर हात उपडा धरला.

"झोपू दे," तातय्याच म्हणाले.

रविवारी लेथ चालू झाली. पटाशी लागली. लाकूड गोल झालं, बारीक झालं, आणखी बारीक. ढलपी उडाली नाही. पटाशीखालून लाकडाचे लांब कुरळे दोरे निघत होते, सुतासारखे, आणि अक्काच्या मनगटावर जमा होत होते. शेवटी तिनं पेन जोडलं, कानाशी धरलं, हलवलं, आणि डोळे मिटून बराच वेळ आतलं न खुळखुळणं ऐकत राहिली.

"काय म्हंतंय?" मी विचारलं.

"काय न्हाय म्हणत," ती म्हणाली. "लई बरं वाटलं."

सोमवारी नोंदणी कार्यालयाच्या आवारात, लिंबाखाली, तातय्या आमच्या आधी येऊन उभे होते. डाव्या हातात पोकळ धोटा, सदऱ्याच्या खिशात पेन. नात आली. तो मुलगाही होता, दोन मैत्रिणी होत्या. तिनं आजोबांना पाहिलं आणि तिथंच थांबली. मला वाटलं आता कुणीतरी काहीतरी बोलेल. मी तर मनातल्या मनात दोघांसाठीही वाक्यं तयार केली होती.

तातय्यांनी पेन खिशातून काढलं. नातीकडे देण्याआधी ते डोक्यावरून एकदा मागं नेलं, सवयीनं, सावकाश, तेलकट केसांवरून. मी दचकून अक्काकडे पाहिलं.

"आता चालतंय," अक्का पुटपुटली. "आतून धरलंय. आता वरनं किती बी तेल लावू दे."

नातीनं पेन घेतलं. नाकाशी नेलं. मग तिनं लहानपणी करत असेल तसं आजोबांच्या केसांवरून हात फिरवला, तो हात स्वतःच्या केसांना पुसला आणि आत गेली. तातय्या तिच्या मागं गेले. साक्षीदारांना सही करायची असते. त्यांनी केली. त्याच पेनानं.

यानंतरचं सांगणं माझ्या जिवावर येतं. ज्या वाफेनं अक्काच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि आम्ही हसायचो, ती वाफ तिच्या छातीत उतरली होती. बोळकांडीला खिडकी नव्हती. बाटलीवर सावधगिरीच्या सूचना होत्या, पण मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि मराठीत एकही नाही. डॉक्टर म्हणाले, गोंदाच्या जवळ जायचं नाही, लाकडाच्या धुळीच्याही नाही. मी या बाबतीत झोपू दिलं नाही. मैद्याची खळ शिजवली आणि ठळक अक्षरांत छापलेलं पत्रक शहरातल्या प्रत्येक सुतारअड्ड्याच्या भिंतीवर लावून आले: खिडकी उघडा, तोंड बांधा, वाफेकडे पाठ करा. ती पत्रकं अजून भिंतींवरून सुटलेली नाहीत. त्यांत विरी आहे.

अक्का आता लेकीकडे असते, अक्कलकोटच्या पलीकडे, जिथं निम्मं गाव कन्नडच बोलतं. जायच्या दिवशी तिनं लेथवर जुनी चादर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली. मी दारात उभी होते. तिनं चादरीवर हात उपडा धरला, न टेकवता.

मी म्हटलं, "झोपू दे?"

"व्हय," ती म्हणाली. "आन् तू हलवून बगू नगंस."

पत्र्यातल्या काचेतून ऊन अजून तसंच उतरतं. शटरच्या फटीतून बघितलं तर चादरीवर पडलेला तो तिरपा खांब दिसतो. त्यात धूळ आता तरंगत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती तुम्ही वाचून सोडून द्यावी अशी नाही. तुमच्या घरी काही चिकटवायला घ्याल, लाकूड असो, काच असो, तुटलेलं नातं असो, तर आधी शेजारी कोण बसलंय ते बघा. त्या माणसाला उठवू नका. हात लावू नको, असं म्हणू नका. त्याचा हात आयुष्यभर जे करत आला तेच करणार. त्याच्या हातात काहीतरी द्या. उरलेला तुकडा चालेल. पोकळ असला तरी चालेल.

मग तुम्ही तुमचा हात मागं घ्या आणि थांबा.